दोन नळ्या, एक पांढरा आणि मातकट कागद

लग्नसराई संपली की आमच्या प्रेसच्या माळ्यावर कागद उरतो. कुणी शंभर पत्रिका जास्त सांगतं आणि आयत्या वेळी कमी करतं, कुणाला कालपर्यंत आवडलेला रंग आज उदास वाटायला लागतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक गठ्ठा राहिला. सत्तरेक ताव, रंग ओल्या गोणपाटासारखा, ना धड करडा ना धड तपकिरी. मुलाकडच्यांनी तो हौसेने निवडला होता. मुलीच्या आईने नमुना हातात घेतला आणि म्हणाली, "पत्रिका लग्नाची आहे की दहाव्याची?" गठ्ठा माळ्यावर गेला.

रविवार कारंज्याजवळचा हा प्रेस वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, मी आता ऑफसेटवर चालवते. कागद मला हाताला कळतो. डोळे मिटून चिमटीत धरला तरी शंभर जीएसएमचा की एकशेतीसचा ते सांगेन. चित्रकला मात्र शाळेत इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळवून जी थांबली ती थांबलीच. पन्नाशी जवळ आल्यावर जलरंग पुन्हा हातात घेतले. नाशिकमध्ये राहून जलरंग करायचे आणि गंगेवर जायचं नाही, हे शक्य नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांचा गोंधळ होतो तर होऊ दे.) चित्रकार शिवाजी तुप्यांची घाटाची चित्रं बघत मोठी झालेली आमची पिढी. त्यामुळे पहिलं चित्र काढण्याआधीच आपलं चित्र कुठवर पोचणार नाही, हे माहीत होतं.

चोवीस नळ्यांचा डबा, चांगला जाड पांढरा कागद, सगळं होतं. चित्रं मात्र मेळ्यातल्या फुग्यांसारखी दिसायची. हिरव्याच्या शेजारी निळा, त्याच्या शेजारी जांभळा, आणि मधे कुठेतरी बिचारं देऊळ. त्यात पांढरा कागद राखून ठेवायचा असतो हे मी दर वेळी विसरायची. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद, एवढं तर एलिमेंटरीच्या मुलालाही ठाऊक असतं. पण ब्रश ओला असला की माझा हात थांबत नाही. झाकून टाकते सगळं.

एक निवृत्त कलाशिक्षक आमच्याकडे पूर्वी शाळेची प्रगतिपुस्तकं छापायला यायचे. मी त्यांना सर म्हणते आणि ते मला प्रेसवाल्या बाई. त्यांना एक चित्र दाखवलं.

"यात रंग किती?"

मोजले. अकरा.

"आणि घाटावर किती असतात?"

मी गप्प बसले. सर म्हणाले, उद्या सकाळी जाऊन मोजून या.

गेले. सकाळी साडेसहाला सराफ बाजारातून खाली उतरले आणि पायऱ्यांवर बसून खरंच मोजायला लागले. काळा दगड. काळाच, पण सावलीत निळसर आणि उन्हाची तिरीप पडली तिथे तांबूस. पाणी राखाडी. आकाश धुरकट. पलीकडच्या काठावरची देवळं म्हणजे एकच मोठा गडद आकार. भगवा झेंडा एक, फुलवालीच्या टोपलीतली शेवंती एक. बाकी सगळं मिळून गार करडा आणि ऊबदार करडा, एवढंच.

सरांना सांगितलं तर खूश झाले. "आता अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, दोन नळ्या ठेवा. बाकीच्या कपाटात. किल्ली इथे आणून द्या." गंमत करत असतील असं वाटलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी किल्ली मागितली!

या दोन रंगांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मग पुढचे आठ महिने मी यांच्याशीच संसार केला. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली माती, विटेसारखा तांबूस. अल्ट्रामरीन त्याच्या जवळजवळ विरुद्ध. दोन्ही मिसळले की एकमेकांना मारतात आणि करडा होतो. पाणी कमी घेतलं तर काळ्याच्या इतका जवळ जातो की काळ्या नळीची गरजच उरत नाही. निळा जास्त पडला तर पावसाळी ढगाचा करडा, सिएना जास्त पडला तर जुन्या लाकडाचा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जड असतात, खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, वाळला की आपोआप दगडासारखा पोत येतो. नाशिकचा दगड बेसॉल्ट. तो रंगवायला याहून सोयीची जोडी नाही. मी नऊ चौकोनांची पट्टी केली, एका टोकाला निळा, दुसऱ्याला सिएना. मधल्या सात चौकोनांत अख्खी पंचवटी सापडते.

तिसरी गोष्ट पांढरा. गुवाशचा, म्हणजे अपारदर्शक. "आणि कागद मधल्या छटेचा घ्या," सर म्हणाले. "गडद तुम्ही करा, उजेड तुम्ही करा, मधलं सगळं कागदाला करू द्या. तुम्हाला थांबता येत नाही ना? मग निम्मं काम आधीच झालेलं असू दे."

मधल्या छटेचा कागद म्हटल्यावर मला माळ्यावरचा गठ्ठा आठवला. फुकटचा, तयार, सत्तर ताव. मी मनातल्या मनात मुलीच्या आईचे आभार मानले.

ते आभार दहा मिनिटं टिकले. पहिला वॉश टाकला तो टिपकागदावर शाई सांडावी तसा आत गेला. ब्रश फिरवायला वावच नाही. जिथे टेकवला तिथे डाग आणि डागाच्या कडेला केस फुटल्यासारख्या रेघा. वरून कागद पापडासारखा वळला. प्रेसवाल्या बाईंना हे आधी कळायला हवं होतं. जलरंगाच्या कागदाला आतून आणि वरून सायझिंग असतं, म्हणजे पाणी झटकन शोषू न देणारा लेप, अनेकदा जिलेटिनचा. त्यामुळे पाणी काही काळ वर तरंगतं आणि तेवढ्या वेळात आपण काय ते करून घेतो. पत्रिकेच्या कागदाला शाईपुरतं सायझिंग पुरतं. ऑफसेटमध्ये कागदाला पाणी लागतं ते नावाला, जलरंगात त्याची आंघोळ होते.

हार मानायची नव्हती. जुने कागदी कारागीर तांदळाची किंवा गव्हाची खळ लावून कागद अकीकाच्या दगडाने घोटायचे, हे मी वडिलांकडून ऐकलं होतं. आमच्याकडे बाइंडिंगची खळ रोजचीच. पातळ करून दोन हात लावले, वाळल्यावर काचेच्या बाटलीने घोटून काढलं. कागद असा काही चमकला की बाइंडरकाका म्हणाले, "ताई, यावर तर पोथी लिहावी." लिहिण्यासाठी तो खरंच उत्तम होता. पण ओला वॉश पडला आणि खळ परत खळ झाली. ब्रश चिकटायला लागला, वरचा थर पिठल्यासारखा सुटून आला. घोटीव कागद बोरूसाठी, वाहत्या पाण्यासाठी नव्हे.

बाजारातले रंगीत कागदही आणून पाहिले. पेस्टलसाठी मिळणारा एकशेसाठ जीएसएमचा चांगला असतो, छटाही देखण्या, पण जरा जास्त पाणी झालं की लाटा उठतात. कोरड्या ब्रशचं काम करणाऱ्याने तो खुशाल वापरावा. माझा हात ओला. शेवटी ठरलं, तीनशे जीएसएमचा सुती पांढरा कागद घ्यायचा आणि आपणच रंगवायचा.

पहिला प्रयोग चहाचा. आईने कोरा चहा केला, भरपूर पावडर घालून. मी तो ब्रशने फासत होते आणि ती शेजारी बसून म्हणत होती, एवढ्यात चार जणांचा झाला असता. रंग सुंदर आला. सरांनी तो उन्हाकडे धरला आणि बाजूला ठेवला. चहाचा रंग उन्हाने उडतो, शिवाय त्यातल्या आम्लाने कागद पुढे खराब होतो. मग साधा जलरंगाचाच पातळ हात देऊन बघितला. त्याची अडचण वेगळी. वरून दुसरा वॉश गेला की खालचा उठतो आणि सगळं गढूळ होतं. उपाय निघाला अॅक्रिलिकचा, कारण ते एकदा वाळलं की पाण्याने हलत नाही. पहिल्या वेळी मी ते घट्ट लावलं. कागदावर प्लास्टिकची कातडी चढली आणि जलरंगाचे थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळायला लागले. दुसऱ्या वेळी लहान चमच्याभर रंग आणि मोठी वाटीभर पाणी, इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा. बर्न्ट अंबर, त्यात नखभर काळा.

पद्धत अशी बसली. कागद दोन्ही बाजूंनी ओला करायचा, पाच-सात मिनिटं पाणी पिऊ द्यायचं, मग प्लायवर पसरून चारही कडांना पाणी लावून चिकटणारी तपकिरी कागदी टेप मारायची. ही टेप आमच्याकडे रिळंच्या रिळं पडलेली. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही आणि वाळल्यावर काढताना वरचा पापुद्रा घेऊन येते. रात्रभर आडवा ठेवला की सकाळी ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला असतो. मग फळी जरा उताराला ठेवून दोन इंची चपट्या ब्रशने वरून खाली एकामागून एक पट्टे. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब साचतो, पुढचा पट्टा त्या थेंबाला पकडतो. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. केली की डाग.

छटा किती गडद हवी यावर मात्र मी महिना घालवला. पाच पट्ट्या रंगवून घाटावर नेल्या आणि दगडासमोर धरून पाहिल्या. डोळे किलकिले केले की रंग जातो, नुसता उजेड-अंधार राहतो. शंका आली तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो. पाचातली तिसरी पट्टी सकाळी सातच्या सुमारास पायरीच्या दगडात अक्षरशः हरवली, फोटोत कडाच दिसेना. तोच रंग कायम केला. आणि तो कुठला होता? माळ्यावरच्या दहाव्याच्या पत्रिकेचा, थोड्याफार फरकाने.

कागद वाळत असताना सर गोष्टी सांगायचे. त्यांच्याकडे ड्यूररच्या जोडलेल्या हातांची जुनी छापील प्रत आहे. १५०८ सालचं ते चित्र, ब्रशने गडद रेषा, वर पांढऱ्याच्या रेषा आणि मधली निळी जमीन. ती निळाई त्याने कागदावर स्वतःच चढवलेली होती. व्हेनिसकडे निळ्या चिंध्यांपासून निळाच कागद बनायचा, तिकडच्या चित्रकारांनी तो भरपूर वापरला. टर्नरने १८३०च्या आसपास फ्रान्समधल्या नद्या काढल्या त्या निळ्या कागदाच्या छोट्या तुकड्यांवर, गुवाश आणि जलरंगात. पांढऱ्या नळीवर 'चायनीज व्हाइट' लिहिलेलं असतं, पण तो रंग चीनमधून आलेला नाही. लंडनच्या विन्सर अँड न्यूटनने १८३४मध्ये जस्ताचा पांढरा जलरंगात आणला आणि हे नाव दिलं. तो थोडा पारदर्शक. आज गुवाशमध्ये सहसा टिटॅनियम असतं, ते जास्त झाकतं. मी दोन्ही ठेवते, धुक्याला जस्ताचा आणि चकाकीला टिटॅनियमचा.

रंगीत कागदावर रंग कसे वागतात हे मला खरं तर आधीच माहीत होतं. फक्त दुसऱ्या कप्प्यात. छपाईची शाई पारदर्शक असते. गिऱ्हाईक गुलाबी कागदावर निळा लोगो मागतं आणि छापून आला की भांडतं, "हा जांभळा कसा झाला?" पंचवीस वर्षं मी लोकांना समजावते आहे की कागदाचा रंग शाईतून वर येतो. आणि स्वतः ब्रश धरला तेव्हा मातकट कागदावर निळं आकाश काढायला बसले. ते मळक्या धोतरासारखं झालं तेव्हा नळी खराब निघाली असं वाटलं!

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त मजेशीर आहे. त्या ऊबदार कागदावर मी निळा किंचित जास्त असलेला साधा करडा लावला, तर तो शेजारच्या मातकटामुळे चक्क निळा दिसायला लागला. पांढऱ्या कागदावर तोच मिश्रणाचा थेंब राखेसारखा. सर म्हणाले, पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर धागा चोख होता, दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. १८३९मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून विद्या काढणारा माणूस आमच्या धंद्यातलाच म्हणायचा.

आता घाट. चैत्रातला रविवार, सकाळी सव्वासहा. अलीकडच्या काठावर बसले की सूर्य समोरून, पंचवटीच्या मागून उगवतो. नारोशंकराचं देऊळ, १७४७चं, किल्ल्यासारख्या तटाचं आणि कोपऱ्यांवर छत्र्या असलेलं. उन्हाकडे पाठ करून उभं राहिल्यामुळे त्याचं कोरीवकाम दिसत नाही, फक्त आकार दिसतो. माझ्यासारखीला हे वरदानच, कारण कोरीवकाम काढायचं नव्हतं.

तरी पहिला कागद वाया घालवलाच. उत्साहाने आधी पांढरा काढला. आकाश उजळ दिसतंय म्हणून पातळ पांढऱ्याचा वॉश आकाशभर फिरवला, मग पाण्यावर. आणि त्यानंतर देवळाचा गडद आकार टाकायला गेले तर तो त्या पांढऱ्यात कालवला गेला. काळा दगड भिजवलेल्या खडूसारखा झाला. पांढरा एकदा सावलीत शिरला की सावली मेली. सगळं चित्र ताकासारखं. शिवाय आकाश कागदाहून उजळ केल्यावर कागद मधली छटा राहिलाच नाही, तो नुसता उरलेला कागद झाला.

पायऱ्यांवर रामकुंडात पैसे शोधणारा एक मुलगा येऊन उभा होता, हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक.

"ताई, हे काय, धुकं?"

"आकाश."

त्याने वर पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि दयाळूपणे काहीच बोलला नाही.

दुसऱ्या कागदाला मी प्रेसमधला नियम लावला. आमच्याकडे कामाचं एस्टिमेट आधी होतं, मशीन नंतर सुरू होतं. चित्राच्या मागे पेन्सिलने लिहिलं: पांढरा पाच ठिकाणी. उन्हाची पहिली तिरीप लागलेली पाण्याची कड. कळसाची एक बाजू. स्नान करून वर येणाऱ्या आजोबांचं धोतर. एका बाईची स्टीलची कळशी. पाचवा राखून ठेवला, कुठे लागेल कुणास ठाऊक. या पाचांखेरीज पांढरी नळी उघडायची नाही, आणि उघडायची ती सगळ्यात शेवटी.

मग गडद. निळा आणि सिएना ताटलीतच नीट न मिसळता, ब्रशच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, असा मोठा ओला हात. देवळं, तट, मागची घरं, झाड, सगळा मिळून एकच आकार. कागदावर गेल्यावर ते दोघं आपसात ठरवतात कुठे गार व्हायचं आणि कुठे तापायचं. चैत्रातली नाशिकची हवा इतकी कोरडी की विचार करायला तीन-चार मिनिटंच मिळतात. तेवढ्यात खालची कड स्वच्छ पाण्याने भिजवून पाण्यात उतरवली, तेच प्रतिबिंब. त्यानंतर ब्रश धुतला आणि मांडीवर हात ठेवून बसले. माझ्यासाठी चित्रातला सगळ्यात अवघड भाग हाच होता.

आणि समोर चित्र दिसायला लागलं. आकाश होतं, मी ते रंगवलंच नव्हतं. पायऱ्यांचे वरचे भाग होते. धुरकट हवा होती. सगळं त्या दहाव्याच्या रंगात. मला भीतीच वाटली, आता हात लावला तर जाईल.

पांढरा लावायचाही एक कायदा आहे, तो मी त्या दिवशी शिकले. खालचा थर पुरता वाळलेला हवा. ब्रशवर रंग सायीसारखा हवा, ताकासारखा नको. आणि एकदाच टेकवायचा. पुन्हा फिरवला की खालचा रंग विरघळून वर येतो आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. पाण्याची कड एका रेघेत गेली. धोतराला दोनदा हात लावला, ते मळलं. आजोबांना बहुधा चालेल.

पाचवा पांढरा मात्र अनपेक्षित ठिकाणी लागला. देवळाच्या तटाखाली कुणीतरी चूल पेटवली होती, धूर गडद भिंतीवरून वर चढत होता. जस्ताचा पांढरा अगदी पातळ केला, ब्रश जवळजवळ कोरडा करून त्या काळ्यावरून वर नेला. वाळला तर निळा. मी तर निळा घेतलाच नव्हता. ब्रश हुंगून पाहिला, ताटली पाहिली. मग समोरचा धूर पाहिला. काळ्या भिंतीसमोर तो निळसर होता आणि भिंतीच्या वर, उजळ आकाशासमोर गेल्यावर तपकिरी. गडदावर पातळ पांढरा टाकला की त्याचे बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात, धुराचंही तेच. चित्रातला धूर आणि खरा धूर एकाच कारणाने निळे होते. इतकी वर्षं गंगेवर येते आहे, धूर निळा असतो हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर उन्हाळाभर गेले. संध्याकाळी उजेड उलट येतो, देवळांचे पश्चिमेकडचे भाग तापलेले दिसतात, तेव्हा पांढऱ्यात सिएना मिसळून ऊन काढायचा मोह होतो. त्याचा होतो गुलाबी प्लास्टर. पांढऱ्यात मिसळलेला सिएना गार पडतो, हे अनुभवानेच कळतं. त्यावर सरांचा तोडगा असा की आधी नुसता पांढरा ठेवा, वाळू द्या, मग वरून पातळ सिएनाचा पारदर्शक हात द्या. जमतं, दहातून चार वेळा. बुधवारच्या बाजाराचं एकही चित्र जमलं नाही. भाज्या दोन नळ्यांत येत नाहीत आणि कपाटाची किल्ली मी मागितली नाही. वांगी तेवढी बरी आली होती.

आषाढ-श्रावणात चित्रच बदललं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गंगा चढली. नाशिकमध्ये पुराचं माप म्हणजे नदीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं फोनवर एकमेकांना सांगतात, आकडे कुणी विचारत नाही. त्या दिवशी कमरेला होतं. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानाच्या गच्चीवर पत्र्याखाली फळी घेऊन बसले.

दमट हवेत काहीच वाळत नव्हतं. चैत्रातली चार मिनिटं आता अर्धा तास झाली होती, पांढऱ्याला तर हात लावायची सोय नाही. पण खाली पाणी बघितलं आणि फळीवरचा कागद बघितला. गढूळ, ओल्या गोणपाटासारखं, ना करडं ना तपकिरी. कागद पाण्यात धरला असता तर दिसला नसता. मी मारुती काढला, कमरेपर्यंत, गडद. पलीकडचा काठ काढला, पाण्यात बुडालेल्या छोट्या देवळांचे नुसते कळस. पांढरे दोनच ठरवले, मारुतीला वळसा घालणाऱ्या पाण्याचा फेस आणि दूरवर एक. तेही घरी जाऊन, दुसऱ्या दिवशी, कागद वाळल्यावर. नदीला ब्रश लागलाच नाही. कागदाच्या अर्ध्याहून जास्त भागावर काहीही नाही.

आठवड्याने ते चित्र प्रेसमध्ये नेलं. माउंट करायचं होतं, टेपच्या कडा कापायच्या होत्या. बाइंडरकाकांनी ते कटिंग मशीनवर सरकवलं, गेज लावला, पात्याखाली पाहिलं आणि थांबले.

"ताई, खालचा कोरा कागद बराच राहिलाय. काढून टाकू? चित्र वरच्या वरच आहे."

"काका, ती गंगा आहे."

त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गेज पुन्हा मागे नेला, अगदी टेपच्या कडेपर्यंत, आणि पातं खाली घेतलं.